दगडी वाडा आणि काँक्रीटचा रकाना

वाडा दुरुस्त करायच्या परवानगीसाठी कार्यालयात घातलेल्या सातव्या हेलपाट्यालाही तेच ऐकलं, “ताई, हा रकाना रिकामा चालत नाही.” रकाना काँक्रीटवरच्या रिबाउंड हॅमर चाचणीचा, म्हणजे स्प्रिंगचा हातोडा आपटून तो किती उसळतो त्यावरून काँक्रीटची ताकद अजमावायची. आमचा सोलापुरातला वाडा काळ्या दगडाचा, चुन्यातला, वर माळवद. काँक्रीट औषधालाही नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मागच्या कोपऱ्यात भेग पडली. तिच्यावरूनच ‘धोकादायक इमारत’ अशी नोटीस आली. नुसतं बघून वाडा पाडायचा, हे मला पटेना. म्हणून कंपनं मोजून घेतली. भिंतींवर ॲक्सेलेरोमीटर, म्हणजे हालचाल टिपणारी यंत्रं बसवतात. वाऱ्याने, रहदारीने इमारत सतत बारीक थरथरत असते, तेच टिपतात. दगडाला एक ओरखडाही पडत नाही.

निकाल स्पष्ट होता. तीन भिंती एकत्र हलत होत्या, मागची एकटी वेगळी. म्हणजे कोपऱ्याचा सांधा सुटलेला, बाकी वाडा धड.

हे आलेखासकट लिहून दिलं, तरी कार्यालयात अर्ज पुढे सरकेना. एकाने सुचवलं, “अंगणातल्या टाकीच्या स्लॅबवर हातोडा मारा, आकडा टाका.” मी साफ नकार दिला. त्या खोट्या आकड्यावर उद्या कोणी माझ्या घरच्यांचा जीव तोलला असता! पहिलं पत्र तर ‘मिळालंच नाही’ म्हणाले. तेव्हा आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शेवटी इंजिनिअरनी रकान्यात ‘लागू नाही’ लिहून कारण जोडलं, आणि नाकारायचं असेल तर लेखी नाकारा, असं मी साहेबांना सांगितलं. नवव्या दिवशी दुरुस्तीची परवानगी हातात पडली. चार महिने गेले होते, पावसाळा ताडपत्रीखाली काढला.

एक राहिलंच. शेजारी यंत्रमाग असतील तर मोजणी माग बंद असताना करा. आमच्या मागल्या गल्लीतले माग मिनिटाला १५० फेके टाकतात (फेका म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी), म्हणजे सेकंदाला अडीच. मागाचा हादरा त्याच्या दुपटीतही उमटतो, म्हणजे सेकंदाला ५ वेळा, ५ हर्ट्झ; आणि वाड्याची स्वतःची वारंवारता, म्हणजे तो आपसूक सेकंदाला जितक्या वेळा हलतो ती, ४.८. पहिली नोंद त्यातच वाया गेली.

कोपऱ्यात भिंती एकमेकींना बांधणारे लोखंडी गज (टाय रॉड) घातले, भेगेत चुन्याचं पातळ मिश्रण (ग्राउट) भरलं. सिमेंट भरू दिलं नाही. उष्मा आणि ओल यांनीही वारंवारता बदलते, म्हणून पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा मोजलं. ५.३ हर्ट्झ! ताठरपणा वारंवारतेच्या वर्गाने वाढतो, म्हणजे सुमारे २२ टक्के वाढ. मागची भिंत आता बाकीच्या तिघींबरोबर हलते.