आमची वाटचाल : काचेत धुकं शिरू न देण्याची पंचवीस वर्षं

सांगलीला गेलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "तू तिकडं नक्की विकतोस काय?" रायफलवर बसवायच्या दुर्बिणी, म्हणजे स्कोप, असं सांगितलं की समोरचा गप्प होतो. आईनं तर सरळ विचारलं होतं, "अरे, हरणं मारायची दुर्बीण?" आपल्याकडं वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, त्यामुळे तिचं विचारणं चुकीचं नव्हतं. मी राहतो ते पेनसिल्व्हेनियात, ब्रॅडफर्ड काउंटीत, सस्क्वेहाना नदीच्या काठी. इथं थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हरणाचा हंगाम उघडायचा आणि त्या दिवशी शाळांना सुट्टी असायची. आता 2019 पासून हंगाम शनिवारी उघडतो. इथल्या शेतकऱ्याच्या घरी हिवाळाभराचं मांस त्यातूनच येतं. मी स्वतः बंदूक चालवतो ती फक्त कागदावर. पण आईला जे सांगितलं ते आजही सांगतो: शिकार होणारच आहे, तर जनावर एका गोळीत पडावं. अंधूक काचेतून झाडलेली गोळी पोटात लागते आणि ते हरीण रात्रभर झाडीत तडफडत राहतं. ते होऊ नये म्हणून माझं दुकान आहे.

काम बाबांकडून आलं. हरभट रस्त्यावर त्यांचं घड्याळ आणि कॅमेरा दुरुस्तीचं दुकान होतं, पण त्यांचा जीव रमायचा तो मोजणीवाल्यांच्या डंपी लेव्हल आणि थिओडोलाइटमध्ये. जुन्या लेव्हलमधली आडवी-उभी तार तुटली की बाबा कोळ्याचा धागा काट्यावर गुंडाळून घ्यायचे, श्वास रोखून कडीवर ताणायचे आणि दोन्ही टोकांना लाखेचा ठिपका द्यायचे. मी दहावीत असताना पहिली तार बसवली. ती तिरकी बसली, म्हणून बाबांनी ती काढायला लावली. एकदा नाही, चार वेळा.

बायकोला इथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली म्हणून आम्ही आलो. 1999 साली गॅरेजमध्ये एक टेबल टाकून मी बायनॉक्युलर दुरुस्तीला सुरुवात केली. लोकांच्या रायफली रात्रभर ठेवून घ्यायच्या तर सरकारचं लायसन लागतं, तेही काढलं. पहिलं गिऱ्हाईक एक दूधवाला शेतकरी. साठ गाई, हातावर कायम चिकाचा वास. त्यानं वडिलांची रेमिंग्टन 760 आणली होती. पुढचा दस्ता मागं ओढून काडतूस भरायची ही पंप रायफल या भागात घरोघरी आहे. तिच्यावर एल पासोच्या वीव्हर कंपनीचा के-4 नावाचा जुना स्कोप होता आणि आतली तार तुटली होती. तीन दुकानांनी त्याला "नवीन घे" म्हणून परत पाठवलं होतं. मी बाबांच्याच पद्धतीनं तार बसवली. धागा तेवढा कोळ्याचा घेतला नाही, रायफलचा धक्का सोसायला बारीक धातूची तार घेतली. म्हाताऱ्यानं खिडकीतून समोरच्या कोठारावर नेम धरून पाहिलं आणि टेबलावर चेक ठेवला. दुसऱ्या दिवशी मेपलच्या पाकाची बाटली घेऊन आला. तेव्हापासून दर ऑक्टोबरला बाटली येत राहिली.

2002 मध्ये राज्यानं शिंगांचा नियम आणला आणि आमचं काम वाढलं. नियम असा, की बऱ्याच भागांत नराच्या एका बाजूच्या शिंगाला किमान तीन टोकं हवीत, पश्चिमेकडच्या काही भागांत तेव्हा चार. त्याहून लहान नर मारला तर गुन्हा. कायद्यानं सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकार करता येते आणि मोठा नर झाडीबाहेर येतो तो नेमका त्या कडेच्या उजेडात. तेव्हा टोकं मोजता आली पाहिजेत, मोजता आली नाहीत तर बोट चापावरून काढता आलं पाहिजे. चांगल्या स्कोपची माझी व्याख्या इतकीच आहे: गोळी झाडू नये हे ज्यातून वेळेत कळतं तो. एक मात्र कळकळीनं सांगतो. हरीण शोधायला गळ्यात बायनॉक्युलर ठेवा. स्कोपमधून रान धुंडाळणारा माणूस प्रत्येक झुडपावर भरलेली नळी रोखत असतो आणि झुडपामागं माणूसही असतो.

आता 2008. याबद्दल मी कधी नीट बोललो नाही, आज बोलतो.

गॅरेजमधून मुख्य रस्त्यावर दुकान हलवून दोन वर्षं झाली होती. एका आयातदारानं सांगितलं, की तुमचं नाव कोरून स्कोप देतो, 3-9x40, म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दाखवणारे आणि पुढचं भिंग 40 मिलिमीटरचं, काचांवर उजेड परत फिरू न देणारं पूर्ण कोटिंगवाले. नमुने सहा आले. मी ते फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवले, कोमट पाण्यात बुडवले, रायफलवर बसवून चाळीस-चाळीस गोळ्या झाडल्या. सहाही उत्तम. मग दोनशेची ऑर्डर दिली. नळीवर आमचं आडनाव पाहून बायकोनं फोटो काढून सांगलीला पाठवला होता. हंगामापर्यंत 143 विकले गेले.

हंगामाच्या पहिल्या सकाळी ओली थंडी होती. लोक गरम गाडीतून उतरून रानात शिरले आणि साडेसातला पहिला फोन आला. काच आतून धुरकटली होती. बाहेरून धुकं आलं तर बाहीनं पुसता येतं, आतून आलं तर हंगाम संपला. दुपारपर्यंत अकरा फोन. संध्याकाळी दुकानासमोर ट्रक उभे होते आणि माणसं आत येऊन काही न बोलता स्कोप टेबलावर ठेवत होती. त्या न बोलण्याचा मला आजही त्रास होतो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रात्री उरलेले 57 मी घरी नेले. न्हाणीघरातल्या टबात कोमट पाणी भरून एकेक बुडवला. नळीतला वायू उबेनं फुगतो आणि रबरी कडी नीट बसली नसेल तर तिथून बुडबुडे निघतात. आत कोरडा नायट्रोजन भरून नळी बंद करायची ही पद्धत ओरेगनच्या ल्युपोल्ड कंपनीनं दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ केली, आज स्वस्तातला स्कोपही तोच दावा करतो. पण वायू आत राहतो तो कड्यांच्या भरवशावर. त्या 57 पैकी 31 मधून बुडबुड्यांची माळ निघाली. नमुन्यातल्या कड्या वेगळ्या होत्या आणि मालातल्या वेगळ्या, दोन्ही शेजारी ठेवल्यावर आंधळ्यालाही कळलं असतं. आयातदार म्हणाला, तुम्ही माल तपासून घेतला, सही तुमची आहे. खरंच होतं. सही माझीच होती. दोनशे न तपासता सहा तपासले, ही माझी चूक आणि ती मी मान्य करतो. पण जाणूनबुजून कमी दर्जाची कडी टाकून मग सही दाखवणं याला मी व्यापार म्हणत नाही, आणि त्या माणसाला मी मनातून अजून माफ केलेलं नाही.

143 जणांचे पैसे परत करायचे ठरवलं. ज्याच्या स्कोपमध्ये धुकं आलं नव्हतं त्याचेही, कारण पुढच्या वर्षी येणार नाही हे कोण सांगणार? घरावर कर्ज काढलं. बायकोनं सव्वा वर्ष रात्रपाळ्या घेतल्या. तिनं मला एकदाही "दुकान बंद कर" म्हटलं नाही, मात्र फ्रिजवरचा तो फोटो तिनं स्वतः काढून टाकला.

त्याच महिन्यात हमरस्त्यावर एक मोठं साखळी दुकान उघडलं. खेळाच्या सामानाचं, विमानतळाएवढं. स्कोप घ्या, बसवणं फुकट. आमच्या धुक्याची बातमी त्यांच्या काउंटरवरून गिऱ्हाइकाला सांगितली जायची हे मला तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं. फुकट बसवणं म्हणजे काय ते माझ्या टेबलावर यायला लागलं. स्कोप रायफलवर धरून ठेवणाऱ्या रिंगांचे स्क्रू अंदाजानं आवळल्यामुळं चेपलेल्या नळ्या, वाकडे क्रॉसहेअर, म्हणजे नेमाच्या आडव्या-उभ्या तारा. डोळ्यापासून अंतर कमी ठेवल्यामुळं धक्क्यानं भुवई फुटलेली माणसंसुद्धा आली. .30-06 सारख्या जोरदार काडतुसाची रायफल असेल तर डोळा आणि मागची काच यांत साडेतीन इंच तरी हवेतच. तिथलं निस्तरून दिल्यावर लोक विचारायचे, "चाळीस डॉलर? तिथं तर फुकट होतं." मी बिल कमी केलं नाही.

दूधवाला म्हातारा आमचाच स्कोप घेतलेल्यांपैकी एक. चौथ्या दिवशी आला, स्कोप ठेवला, पैसे मात्र घेईना. म्हणाला, तुझ्या स्वतःच्या रायफलवर जो बसवशील तो दे, वरचा फरक मी भरतो. मग त्यानं दूध संकलनाच्या ठिकाणी, चर्चच्या जेवणात, लिलावात, जिथं जाईल तिथं सांगितलं, की या माणसानं सगळ्यांचे पैसे परत दिले. जाहिरातीला माझ्याकडं एक डॉलर नव्हता तेव्हाची ही गोष्ट. 2011 ला कर्ज फिटलं. त्यानंतरची वर्षं बरी गेली.

टेबलावर काय असतं ते सांगितल्याशिवाय आमचं काम कळणार नाही. बाबांचे स्क्रूड्रायव्हर आहेत, पाती समांतर घासलेली, म्हणजे स्क्रूची खाच बिघडत नाही. स्क्रू किती जोरानं आवळला ते इंच-पौंडांत मोजणारा टॉर्क ड्रायव्हर आहे. रिंगांच्या वरच्या टोप्यांना मी 15 ते 18 इंच-पौंडांच्या वर जात नाही. रिंगा एका रेषेत नसतील तर लॅपिंगचा पोलादी दांडा आणि घासायची पेस्ट घेऊन आतला भाग हातानं घासतो, राखाडी डाग सगळीकडं सारखा उमटेपर्यंत. दुकानाच्या मागं आता पत्र्याचा टब आहे. 2008 नंतर या दुकानातून एकही स्कोप टबात बुडाल्याशिवाय बाहेर गेलेला नाही.

स्कोप घेणाऱ्यानं विचारलं नाही तरी मी सांगतो, कारण पैसे चुकीच्या जागी जाताना बघवत नाही. लोक आकड्याला भुलतात. 24 पट, 56 मिलिमीटर! पुढच्या भिंगाच्या व्यासाला मोठेपणाच्या पटीनं भागा: 40 ला 9 नं भागलं की 4.4 मिलिमीटर, म्हणजे डोळ्यात येणारा उजेडाचा ठिपका तेवढा. तोच स्कोप 5 पटीवर आणला की 8 मिलिमीटर. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात 7 मिलिमीटरच्या आसपास उघडते, साठीनंतर बरीच कमी. म्हणून संध्याकाळी पट वाढवू नका, कमी करा. साठीच्या माणसाला 56 च्या भिंगाचं वजन वाहून फारसं काही मिळत नाही. पैसे कोटिंगवर घाला. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर चारेक टक्के उजेड परत फिरतो. असे बारा पृष्ठभाग धरले तर चाळीस टक्क्यांच्या जवळपास उजेड वाटेतच संपला. इथल्या झाडीत शंभर यार्डांच्या आतच बहुतेक गोळ्या सुटतात, तिथं 2-7 पटीचा साधा स्कोप सगळं काम करतो.

आणि घेतल्यावर चौकोन काढून बघा. एक गोळी झाडा, मग स्कोपचे बुरूज, म्हणजे नेम सरकवायच्या गोल कळा, वीस क्लिक वर, वीस उजवीकडं, वीस खाली, वीस डावीकडं फिरवा, प्रत्येक वळणावर एक गोळी. एका क्लिकला कोनाचं पाव मिनिट सरकणाऱ्या स्कोपला शंभर यार्डांवर चौकोनाची बाजू सव्वापाच इंच यायला हवी आणि शेवटची गोळी पहिल्या भोकाशी परत यायला हवी. आली नाही तर त्याच आठवड्यात परत करा, हंगामाची वाट बघू नका. आणखी एक, खास मराठी मंडळींसाठी: भाचा मागतो म्हणून बॅगेतून रायफलचा स्कोप भारतात नेऊ नका. अमेरिकेत हा निर्यात-नियंत्रणाखालचा माल आहे. मला वर्षातून दोन फोन येतात, दोघांनाही नाही म्हणतो.

म्हातारा गेल्या वर्षी वसंतात गेला. ऑक्टोबरमध्ये त्याची नात आली. उंचीनं लहान, हातात तीच 760. मी तिच्यासाठी नवा हलका स्कोप काढून ठेवला, खांद्याला टेकवायचा दस्ता तिला लांब पडत होता म्हणून एक इंच कमी करून दिला. तिनं खिशातून लोकरी मोज्यात गुंडाळलेला के-4 काढला. म्हणाली, आजोबांनी सांगितलंय, हा चालत असेल तर हाच बसवायचा. पंचवीस वर्षांपूर्वी मी बसवलेली तार उजेडासमोर धरून पाहिली. सरळ होती. मग दोघं मागं गेलो, टबात कोमट पाणी भरलं आणि के-4 बुडवला. घड्याळ लावून पाच मिनिटं उभे राहिलो. एकही बुडबुडा आला नाही. नवा स्कोप खोक्यात परत ठेवला आणि रिंगा घासायला घेतल्या.