दोन स्लॅबांचा हिशेब

नागपूरच्या मानेवाड्यातील आमच्या घराच्या गच्चीवर सोलर पॅनेल बसल्यापासून गल्लीतले जवळपास प्रत्येक जण एकदा तरी "भाऊ, किती लागले?" असे विचारून गेले आहे. सुरुवातीला मी एक आकडा सांगून मोकळा होत असे. पण तो ऐकून एकाने उत्साहात अर्ज भरला, दुसऱ्याने नाक मुरडले आणि दोघांचाही निर्णय त्यांच्या घराच्या दृष्टीने चुकीचाच होता, हे लक्षात आल्यावर मी उत्तर द्यायची पद्धत बदलली. आता मी आधी दोन गोष्टी विचारतो. मे महिन्याचे बिल किती युनिटांचे आले होते आणि गच्चीचा स्लॅब किती जुना आहे? आपल्याकडे "स्लॅब" हा शब्द छतालाही वापरतात आणि वीजदराच्या टप्प्यालाही. सोलरचा खरा खर्च पॅनेलच्या किमतीपेक्षा या दोन स्लॅबांवरच अधिक ठरतो, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे.

आधी सरकारी बाजू थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना जाहीर झाली. तिच्यात घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटसाठी १८,००० रुपये असे अनुदान मिळते. तीन किलोवॅटच्या पुढे कितीही मोठा संच बसवला तरी रक्कम ७८,००० रुपयांवरच थांबते. या आकड्यांमागे सरकारने धरलेली प्रमाण किंमत आहे. पहिल्या दोन किलोवॅटसाठी ती प्रत्येकी ५०,००० रुपये असून तिचे ६० टक्के, तर तिसऱ्यासाठी ४५,००० रुपये असून तिचे ४० टक्के अनुदान म्हणून दिले जातात. म्हणजे सरकारच्या लेखी तीन किलोवॅटचा संच १,४५,००० रुपयांत उभा राहतो. बाजारात मात्र मला आलेली तिन्ही कोटेशने त्याहून वरचीच होती, कारण अनुदान हवे असेल तर सेल (पॅनेलमधले वीज तयार करणारे तुकडे) आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात आणि तसा माल आयात मालापेक्षा महाग पडतो. त्यातही अनुदान हातात मिळते ते शेवटी. आधी सर्व पैसे आपण भरायचे, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) लागून संच सुरू झाला की मग रक्कम आपल्या खात्यात जमा होते.

माझ्या बाबतीत अर्ज भरण्याआधीच एक अडचण निघाली. वीजबिल अजून दिवंगत वडिलांच्या नावावर होते. बिलावरचे नाव, आधार आणि बँक खाते यांचा मेळ बसल्याशिवाय अनुदानाचा मार्ग मोकळा होत नाही, त्यामुळे आधी जोडणी माझ्या नावावर करून घेण्यात जवळपास दोन महिने गेले. ज्यांची घरे वडिलोपार्जित आहेत, त्यांनी कोटेशन मागवण्याआधी बिलावरचे नाव पाहावे.

आता पहिला स्लॅब, म्हणजे गच्ची. मूळ कोटेशन तीन किलोवॅटसाठी सर्व करांसह १,६८,००० रुपयांचे होते आणि त्यात पॅनेल गच्चीलगत, दीड-दोन फुटांच्या सांगाड्यावर बसणार होते. त्या दिवशी घरात जी चर्चा झाली, तिचा विषय वीज नसून वाळवण हा होता. कुरोड्या, पापड, सरगुंडे आणि मुगवड्या वाळवायच्या कुठे, असा सौभाग्यवतींचा सरळ प्रश्न होता. ५४० वॅटची सहा पॅनेल, प्रत्येक जवळपास साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद, गच्चीचा अर्धा भाग सहज व्यापतात. शेवटी आठ फूट उंचीचा सांगाडा ठरला. उंची वाढली की वाऱ्याचा मारा वाढतो, मार्च-एप्रिलमधल्या आपल्याकडच्या अवकाळी वादळात तो सांगाडा तगायचा असेल तर पाइपची जाडीही वाढवावी लागते आणि त्याचे २१,००० रुपये वेगळे लागले. शिवाय आमचा स्लॅब तीस वर्षांचा असल्याने आणि पावसाळ्यात एका कोपऱ्यात ओल येत असल्याने त्यात छिद्रे पाडून बोल्ट ठोकू द्यायला मी साफ नकार दिला. त्याऐवजी सिमेंटचे ओटे ओतून त्यांवर खांब उभे केले आणि आधी संपूर्ण गच्चीचे वॉटरप्रूफिंग करून घेतले. त्याचे आणखी ११,००० रुपये झाले. ही कामे पॅनेल बसल्यानंतर करायची म्हटली तर सगळा सांगाडा उतरवावा लागला असता, म्हणून हा खर्च मी आजही योग्य मानतो.

एक खर्च मात्र पूर्णपणे टाळता येण्यासारखा होता. जागेची पाहणी करायला तंत्रज्ञ आला तो मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी. नागपुरात त्याच सुमारास शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि शेजारची दुमजली इमारतसुद्धा आपल्या पायाशीच सावली टाकून उभी असते. "कुठेच सावली नाही," असे त्याने लिहून नेले आणि ते त्या दिवसापुरते शंभर टक्के खरे होते. डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे झुकून दुपारीही जेमतेम पंचेचाळीस अंशांवर राहिला, तेव्हा दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांच्या जिन्याच्या खोलीची सावली रोज सकाळी अकरापर्यंत दोन पॅनेलच्या कडेवर पडू लागली. पॅनेल एका माळेत जोडलेली असल्याने दोघांवर सावली आली की सगळ्या माळेचा जोर उतरतो. बसवणाऱ्याने हात वर केले. सांगाडा चार फूट उत्तरेकडे सरकवण्याचे ६,५०० रुपये मी भरले. पाहणी उन्हाळ्यात होत असेल, तर डिसेंबरची सावली कुठवर येईल हे आपणच विचारून घ्यायला हवे होते, हे मान्य करतो.

अशा रीतीने एकूण खर्च २,०६,५०० रुपये झाला आणि अनुदान वजा जाता १,२८,५०० रुपये उरले. हा २०२४ चा हिशेब आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्याने आज मूळ किंमत थोडी कमी पडावी.

दुसरा स्लॅब महावितरणच्या बिलावर असतो. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात; पहिल्या शंभर युनिटांच्या दरापेक्षा पुढच्या टप्प्याचा दर, वहन आकार (वीज घरापर्यंत पोहोचवण्याचा आकार) धरूनही, जवळपास दुप्पट आहे आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क लागते. नेट मीटरमध्ये आपण तयार केलेले युनिट वापरातून वजा होतात, म्हणजे ते सर्वांत महागड्या टप्प्यातून आधी कमी होतात. दोन कूलर आणि एक एसी यांमुळे आमचे मे महिन्याचे बिल ५२० युनिटांचे असे आणि वर्षभराची बिले सुमारे ४२,००० रुपयांची. संच बसल्यानंतरच्या पहिल्या पूर्ण वर्षात ती साडेचार हजारांवर आली, आणि त्यातही मोठा भाग स्थिर आकाराचा आहे, जो वापर शून्य झाला तरी भरावाच लागतो. या गतीने साडेतीन वर्षांत पैसे वसूल होतील. याउलट आमच्या समोरचे वयस्कर दांपत्य महिन्याला नव्वद युनिटच वापरते. त्यांना एक किलोवॅटचे ७२,००० रुपयांचे कोटेशन आले होते. अनुदान वजा करूनही त्यांची वसुली सहा वर्षांच्या पुढे जाते, म्हणून मी त्यांना घाई करू नका असे सांगितले.

मला पाच किलोवॅटचा आग्रह झाला होता. अनुदान तेच राहणार, हे एक कारण नकाराला पुरेसे होते. दुसरे कारण पुढे कळले. तीन किलोवॅटमधून आम्हाला वर्षाला ४,१५० च्या आसपास युनिट मिळतात. सर्वाधिक वीज मे महिन्यात होईल असा माझा समज होता, पण ती मार्चमध्ये झाली, कारण पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नव्हे. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पॅनेलचा पृष्ठभाग साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापतो आणि पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला क्षमता एक टक्क्याच्या साधारण तृतीयांशाने घटत जाते. त्यावर धुळीचा थर असतोच. दर रविवारी पहाटे, काच तापण्याआधी, मी साध्या पाण्याने पॅनेल पुसतो.

खरी गोम मात्र तारखेत आहे. शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जमा होत राहतात, पण ३१ मार्चला खाते शून्यावर येते आणि उरलेल्या युनिटांचे पैसे घरगुती दराच्या मानाने बऱ्याच कमी दराने मिळतात. नागपूरकरांसाठी ही तारीख विशेष गैरसोयीची आहे. ऑक्टोबर ते मार्च आमचा वापर कमी आणि निर्मिती भरपूर, त्यामुळे मोठी शिल्लक साठते. कूलरचे खस बदलून पंप सुरू करायची वेळ येते नेमकी एप्रिलमध्ये, तेव्हा त्या शिलकीचा उपयोग राहत नाही. पहिल्या वर्षी माझे सुमारे ९०० युनिट असे गेले आणि एप्रिल ते ऑगस्टमध्ये साडेतीनशेच्या वर विकत घ्यावे लागले. पाच किलोवॅट बसवले असते तर ही शिल्लक तिपटीहून अधिक झाली असती.

वीज गेली की संचही बंद पडतो, हेही अनेकांना ठाऊक नसते. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला आपल्या घरातून उलटा प्रवाह जाऊन धक्का बसू नये म्हणून तशी रचना असते. त्यामुळे जुना इन्व्हर्टर आणि बॅटरी मी विकली नाही. सोलरच्या इन्व्हर्टरची (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राची) हमी दहा वर्षांची आहे आणि पॅनेलच्या क्षमतेची पंचवीस, तेव्हा मध्ये एकदा तो बदलावा लागेल असे धरून दरमहा ३०० रुपये बाजूला टाकतो.

३१ मार्चला जाणारी शिल्लक आधीच वापरली जावी म्हणून गेल्या जानेवारीपासून ते ३१ मार्चपर्यंत आम्ही सकाळचा चहा, वरण-भात आणि आंघोळीचे पाणी इंडक्शनवर आणि गीझरवर केले. त्या काळात गॅस सिलिंडर वीसेक दिवस जास्त पुरला. वहीत त्यासाठी वेगळा रकाना आखला आहे.