पहिले दहा डबे बाजूला

रत्नागिरीजवळच्या एका कॅनिंग फॅक्टरीत मी क्यूसीला, म्हणजे क्वालिटी तपासायला आहे. हापूसचा पल्प. बाजारात पेटीचा भाव पडला की आमचा सीझन चढतो, मग मे अखेरपर्यंत घरचे लोक आम्हाला फक्त झोपलेलं बघतात.

यंदा फेब्रुवारीत कंपनीने एक ॲप आणलं. आतल्या आत ट्विटर, फक्त आपल्याच लोकांसाठी. दोन-चार ओळींत लिहायचं, काय शिकलो, कुठे अडलो. ट्रेनरने स्लाइड दाखवल्या, यॅमर नावाचं असंच ॲप २००८ मध्ये आलं, २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं वगैरे. आता ज्यांना खरंच काहीतरी येतं त्यांना प्रोसेसिंग हॉलमध्ये मोबाइल न्यायला बंदी, बांगड्या-अंगठ्यांसारखाच तोही लॉकरमध्ये. सुरी आत गेली की साका, म्हणजे आतून खराब झालेला गर, आहे का ते हाताला कळणाऱ्या बायका कापणीच्या टेबलावर आणि ॲप एसी केबिनमध्ये. त्यामुळे पहिले दोन महिने नुसतं सुप्रभात आणि टीमवर्कचे सुविचार.

मग एप्रिलमध्ये आमच्या देवगडकडच्या युनिटमधून एक पोस्ट आली. तिथल्या सीमरवाल्या, म्हणजे डब्यांना झाकण बसवायच्या मशीनवरच्या, काकांची, जेवणाच्या सुट्टीत लिहिलेली. शब्द असेच होते: "मशीन बंद पडान परत चालू केल्यार पयले धा डबे बाजूक काढा. हूक आखूड येता. गरम झाल्यार सारख्या येता." तीन लाइक, त्यातला एक माझा.

बाहेरच्यांना सांगते यात काय एवढं. डब्याचं झाकण चिकटवलेलं नसतं, झाकणाची कडा आणि डब्याची कडा एकमेकींत अडकवून दुमडलेली असते, तो जोड म्हणजे सीम. मशीनचा पहिला रोल दुमडतो, दुसरा दाबून घट्ट करतो. पहिला रोल जरा ढिला पडला की झाकणाचा हूक, म्हणजे दुमडलेली कडा, आखूड राहतो, दोन्ही हूक एकमेकांवर पुरेसे चढत नाहीत, आणि वरून बघाल तर डबा चकाचक. पल्प गरम भरतो, मग डबा उकळत्या पाण्यातून काढून थंड पाण्यात टाकतो. थंड होताना आत व्हॅक्यूम तयार होतो. सीम कच्चा असेल तर डबा बाहेरचं पाणी आत ओढतो, एखादा थेंब पुरतो, म्हणून तर थंड करायच्या पाण्यात क्लोरीन घालतो आम्ही. पुढे गोडाऊनमध्ये, किंवा नशीब फुटकं असेल तर थेट गिऱ्हाइकाकडे, डबा फुगतो. सीम कापून मायक्रोमीटरने मोजल्याशिवाय हे कळत नाही, आणि आम्ही ठरलेल्या वेळीच कापतो.

मे च्या शेवटच्या आठवड्यात दुपारी वळवाचा पाऊस, कडाडकड, लाइट गेली. जनरेटरने बॉयलर आणि दिवे सांभाळले, लाइन मात्र चाळीस मिनिटं उभी. परत सुरू होताना मला काकांची पोस्ट आठवली. सुपरवायझरला म्हटलं पहिले दहा काढ. तो वैतागला, आधीच टार्गेट मागे. तरी काढले. कापले. तिसरा आणि चौथा, दोन्हींच्या हुकांचा ओव्हरलॅप आमच्या लिमिटच्या खाली! नववा-दहावा व्यवस्थित. आमचं दर दोन तासांचं सॅम्पल त्यानंतर पाऊण तासाने होतं, म्हणजे ते दोन डबे आरामात पुढे गेले असते. आणि या आधी किती गेले असतील, हा हिशोब मी अजून रात्री करते.

मला इतका आनंद झाला की चहाच्या सुट्टीत कापलेल्या सीमचा फोटो टाकला आणि लिहिलं, काकांमुळे वाचलो. ॲपचं चीज झालं असंच वाटत होतं.

तासाभरात मुंबईहून जीएम साहेबांची कमेंट. हे आधीपासून माहीत होतं तर रीतसर रिपोर्ट का नाही केलं? खाली दोघा मॅनेजरांचं "राइट सर". दुसऱ्या दिवशी काकांकडून लेखी खुलासा मागितला. आणि आम्हाला मेल, की क्वालिटीचे इश्यू ॲपवर टाकू नयेत, ऑडिटरने बघितलं तर काय म्हणेल. अरे, ऑडिटर बघेल ही भीती आणि डबा फुगेल याची नाही?

काकांना फोन केला, रडायलाच आलं होतं मला. ते म्हणाले, "गो बाय, फिटराक धा वर्सां सांगतंय मी. तोंडान सांगलला कोण आयकना नाय, लिवलंय तर गुन्हो झालो." मग माझीच समजूत काढत बसले, आंबे पाठवू का विचारलं. आंबे! मला!

मी फोटो टाकला नसता, नुसतं काकांना फोनवर थँक्यू म्हटलं असतं तर त्यांना काही झालं नसतं, हे खरं. पण मग फिटर आला नसता हेही खरं, कारण त्या गडबडीनंतर दोन्ही युनिटचे रोल सेट करायला माणूस आला, आठवड्याच्या आत. खुलासा मागणाऱ्यांनीच पाठवला. हे मला अजून नीट जुळवता येत नाही.

ती पोस्ट आता दिसत नाही, काकांनी काढली की कुणी काढायला लावली, विचारायचं धाडस झालं नाही. काका मात्र ॲपवर आहेत. रोज सकाळी सव्वासहाला गुलाबाचं फूल टाकतात. जीएम साहेब लाइक करतात.