ओळंबा, टेप आणि दीड इंच

31 मार्च 2024, रविवार. पोर्टलंडच्या मोडा सेंटरमध्ये एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेजांच्या क्रीडा संघटनेच्या) महिला बास्केटबॉल स्पर्धेत टेक्सस आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेट यांचा सामना सुरू व्हायचा होता, तेवढ्यात लक्षात आलं की दोन्ही टोकांच्या थ्री-पॉइंट लाइन (जिच्या बाहेरून बास्केट केली की तीन गुण मिळतात, ती रेषा) सारख्या नाहीत. एका टोकाला या रेषेच्या कमानीच्या माथ्याचं, म्हणजे रिंगच्या बरोबर समोरच्या भागाचं, रिंगपासूनचं अंतर सुमारे 9 इंच कमी होतं. आदल्या दोन दिवसांत त्याच कोर्टवर चार सामने होऊन गेले होते! दोन्ही प्रशिक्षक आहे त्याच रेषांवर खेळायला तयार झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या हॉलमध्ये हुकूम आला: आपलं कोर्ट मोजा. बाद फेरीचा सामना दोन दिवसांवर, आणि तारीख 1 एप्रिल. अर्ध्या लोकांना चेष्टाच वाटली.

कमान मोजायची ती रिंगच्या मध्यापासून, म्हणून आधी तो मध्य जमिनीवर उतरवावा लागतो. रिंगवर दोन दोरे काटकोनात ताणले आणि ते जिथे छेदतात तिथून गवंड्याचा साधा ओळंबा सोडला. तो थांबेपर्यंत धीर धरायचा. एसीच्या वाऱ्यानेही तो झुलतो. टोक टेकेल तिथे टेपचा तुकडा चिकटवून खूण केली. तिथून कमानीच्या बाहेरच्या कडेपर्यंत 22 फूट 1¾ इंच भरायला हवेत. रेषा 2 इंच रुंद असते. आतली कड धरली की तेवढी चूक मोजणाऱ्याचीच.

कोपऱ्यात मोजून भागत नाही. तिथे रेषा सरळ असते आणि अंतर 21 फूट 7⅞ इंच. कमान काढताना मध्यावर ठोकायचा खिळा 9 इंच मागे बसला, तरी कोपरा बरोबरच येईल. 45 अंशांवर साधारण सव्वासहा इंचांचा फरक दिसेल आणि पूर्ण 9 फक्त माथ्यावर. गंमत अशी की रिंगची मागची आतली कड तिच्या मध्यापासून नेमकी 9 इंचांवर असते. पोर्टलंडला तेच झालं असं मी म्हणत नाही, पण खिळा चुकायला ती जागा फार सोयीची आहे.

आमच्या पूर्वेकडच्या टोकाला माथ्यावर दीड इंच कमी भरलं. सगळे गप्प. मग बेसलाइनच्या (रिंगमागच्या, कोर्टच्या शेवटच्या रेषेच्या) आतल्या कडेपासून ओळंब्याच्या खुणेपर्यंत मोजलं: 64½ इंच. हवे 63 (बोर्डपर्यंत 48, तिथून रिंगपर्यंत 6, अर्धी रिंग 9). आणि बेसलाइनपासून कमानीचा माथा? 27 फूट 4¾ इंच, अगदी चोख. रेषा निर्दोष होती, रिंगचा स्टँडच पुढे सरकला होता. फक्त रिंगपासून मोजून रंगवाल्याला बोलावलं असतं, तर चांगली रेषा बिघडवून बसलो असतो.

स्टँडला स्थिर ठेवणारं वजन उतरवलं, चाकांवर घेऊन दीड इंच मागे ढकलला, पुन्हा वजन चढवलं. वजन चढलं की बोर्ड धरणारा स्टँडचा हात किंचित वाकतो, म्हणून रिंगची 10 फूट उंची त्यानंतरच तपासायची. ती पाव इंच खाली आली होती, स्क्रूने उचलली. मग दोरे, ओळंबा, टेप, सगळं पहिल्यापासून.