मुंबईचे मार्क कापा, पण कशाचे कापताय ते तरी बघा

दरवर्षी जूनमध्ये पाऊस आणि ती यादी मागेपुढे येतात. इकॉनॉमिस्ट साप्ताहिकवाल्यांच्या ईआययू या संशोधन संस्थेची यादी, जगात राहायला कुठली शहरं चांगली याची. वर व्हिएन्ना, कोपनहेगन, झुरिक, एकदम तळाला दमास्कस, आणि आपण त्या तळाच्या बाजूलाच कुठेतरी. २०२२ ला मुंबई १४१वी होती, शंभरपैकी ५६.२ मार्क, दिल्ली एक नंबर पुढे. मग ती यादी सगळ्या ग्रुपवर फिरते आणि इथेच जन्मलेले, इथल्याच शाळेत शिकलेले आपले लोक खाली लिहितात की म्हणून तर आम्ही सोडली मुंबई. मला याचा खरंच राग येतो.

ही यादी कशाला बनते ते आधी बघा ना. कंपनीला परदेशात माणूस पाठवायचा असला की त्याला गैरसोयीचा भत्ता किती द्यायचा, हे ठरवायला ती मुख्यतः वापरतात. त्याचं कोष्टकच आहे, शहराला ८० च्या वर मार्क असतील तर काही नको, ५० ते ६० मध्ये असतील तर पगारावर १५ टक्के जास्त द्या. म्हणजे प्रश्न असा आहे की बाहेरून पाठवलेल्या साहेबाला इथे किती त्रास होईल. होईलच की त्रास, मी नाही म्हणतच नाहीये. पण माझे आजोबा राजापूरकडून बोटीने आले ते कुणी पाठवलं म्हणून नाही आले. लालबागला गाववाल्यांच्या खोलीत पाळीपाळीने झोपले, कारण मिलची एक पाळी सुटली की दुसरी पाळीवाला उठून जाणार आणि मग वळकटी पसरायला जागा होणार, आणि खानावळीत जेवून उरलेले पैसे मनीऑर्डरने गावी. त्यांना मुंबई राहण्यालायक आहे का असं कुणी विचारलं नाही, पण त्यांच्या मुलांची शिक्षणं त्या एका खोलीतून झाली, आत्याची तर नर्सिंगपर्यंत, हे कुठल्या रकान्यात बसवणार?

आणि याच्याहून जास्त झोंबलं होतं ते २००६ चं. रीडर्स डायजेस्ट मासिकाने ३५ शहरांत सौजन्याची परीक्षा घेतली, न्यूयॉर्क पहिलं आणि मुंबई शेवटची. शेवटची! तीन गोष्टी बघितल्या होत्या त्यांनी. पुढचा माणूस तुमच्यासाठी दार धरून उभा राहतो का, दुकानदार थँक्यू म्हणतो का, आणि हातातले कागद पडले तर कुणी उचलून देतं का. तिसऱ्याचं सोडा, तिथे आपण कमी पडलो असू तर पडलो असू, स्टेशनच्या जिन्यावर वाकायला गेलं तर मागचे अंगावरून जातील. पण दार? आमच्या वाण्याच्या दुकानाला दार कुठेय, फळी आहे आणि फळीच्या पलीकडे तो. चाळीत दिवसभर दारं सताड उघडी. आणि थँक्यूचं म्हणाल तर आमची भाजीवाली मावशी आयुष्यात कुणाला थँक्यू म्हणाली नसेल, पण पाव किलो गवार घेतली की न मागता कढीपत्त्याची काडी आणि दोन मिरच्या पिशवीत पडणार, आणि सासूबाई आजारी होत्या तेव्हा पैसे घरी विसरले तर म्हणाली जा गं, आधी त्यांना बघ. हे सौजन्य नाहीये का?

ती सौजन्याची यादी आली २००६ च्या जूनमध्ये. ११ जुलैला संध्याकाळी वेस्टर्नच्या गाड्यांमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. माहीमला रुळांलगतच्या झोपड्यांमधली माणसं घरातल्या चादरी घेऊन धावली आणि त्या चादरींत घालून जखमींना उचललं, ॲम्ब्युलन्स यायच्या आधी, टॅक्सीत रिक्षात टेम्पोत मिळेल त्यात घातलं. ज्या माणसाच्या घरात दोन चादरी आहेत त्याने त्या दोन्ही दिल्या. त्याच्या आदल्या वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला तेव्हा मी ऑफिसमधून चालत निघालेले, रस्ता दिसत नव्हता, आणि सायनच्या पुढे पोरांनी दोराला धरून साखळी केलेली, मॅनहोल कुठे उघडं आहे तिथे एकेक जण कमरेएवढ्या पाण्यात उभा, ताई इकडून, काका तिकडून, असं रात्रभर. एका बाईने तिच्या घरी नेऊन कोरडा गाऊन दिला, चहा आणि पार्ले-जी दिलं, मी तिचं नावसुद्धा विचारलं नाही आणि तिनेही माझं नाही.

बरं, नुसत्या आठवणी सांगतेय असं वाटत असेल तर त्याच रीडर्स डायजेस्टचं २०१३ चं ऐका. यावेळी त्यांनी १६ शहरांत पाकिटं टाकून बघितली, प्रत्येक शहरात बारा, आत ५० डॉलरच्या आसपास त्या त्या देशाचे पैसे, घरच्यांचा फोटो, मोबाईल नंबर. हेलसिंकीत बारातली ११ परत आली. दुसरा नंबर मुंबईचा, बारातली ९! न्यूयॉर्कची ८, लिस्बनला एकच. हे मात्र कुणी फॉरवर्ड केलेलं मला आठवत नाही. आणि आपल्याच केंद्र सरकारच्या राहण्यायोग्य शहरांच्या यादीत २०१८ ला १११ शहरांत पुणे पहिलं, नवी मुंबई दुसरी, मुंबई तिसरी होती, पुढच्या यादीत, २०२१ च्या मार्चला आली ती, मुंबई दहावी. तेवढ्या काळात मुंबई काय सात पायऱ्या बिघडली? मोजायची पद्धतच बदलली होती.

मला विचाराल तर शहर मोजायचं असेल तर परळला जाऊन मोजा. टाटा हॉस्पिटल १९४१ पासून आहे, केईएम १९२६ पासून. तिथल्या फुटपाथवर बिहार, बंगाल, ओडिशा, विदर्भ, सगळीकडची माणसं फायली छातीशी धरून बसलेली असतात. ती फुटपाथवर आहेत ही लाजेची गोष्ट आहेच, त्यांना छप्पर मिळायला पाहिजे. पण ती इथेच का आलीत याचाही विचार करा. कारण गावात कुणीतरी सांगितलं की मुंबईला जा, तिथे होईल. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत पेशंटची राहायची सोय होते, आसपासच्या घरांतून जेवणाचे डबे जातात, माझी मामी कित्येक वर्षं पोळ्या करून पाठवते, तिच्या बिल्डिंगमधल्या चौघी मिळून करतात, पीठ एकीचं, गॅस दुसरीचा. ज्याला इथली भाषा येत नाही, ओळख नाही, पैसे नाहीत, त्याला शहर काय देतं, हा माझ्यासाठी पहिला प्रश्न. त्याला ५६.२ नाही मिळणार, बरेच जास्त मिळतील.

आता मार्क कापायचे ते कशाचे, तर सोयीसुविधांचे कापा, अगदी बिनधास्त कापा, मी वाद घालणार नाही. उपनगरी रेल्वेमार्गावर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल शेजारून गेल्या आणि दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली, पाच गेली. मी डोंबिवलीहून रोज त्याच वळणावरून जाते. तेव्हा पुन्हा कुणी मुंबई स्पिरिट म्हणून दुसऱ्या दिवशी कामावर गेलेल्यांचे फोटो टाकले की मला ते अजिबात आवडत नाही. दुसऱ्या दिवशी गेलो कारण खाडा झाला की पैसे कापतात. माणसं चांगली आहेत म्हणून गाड्या वाढवल्या नाहीत तरी चालेल, असं होत नाही, आणि शहरावर जीव आहे म्हणून तर हे जास्त लागतं.

दिवा आणि डोंबिवली या स्टेशनांच्या बायकांचं लोकलच्या दारात रोज भांडण होतं हे सगळ्यांना माहीत आहे. आम्ही आत उभ्या, हलायला जागा नाही, दिव्याला प्लॅटफॉर्मवर तिप्पट गर्दी, त्या म्हणतात सरका, आम्ही म्हणतो कुठे सरकू. गेल्या महिन्यात असंच भांडण चाललं होतं आणि दिव्याची एक मुलगी म्हणाली की आपण दोघी एकमेकींवर ओरडतोय, गाडी वाढवून दे असं कुणाला म्हणतच नाहीये. तिथेच ठरलं, रेल्वेला अर्ज करायचा. सकाळी आणखी एक लेडीज स्पेशल, ती दिव्याला थांबणारी, आणि जुन्या गाड्यांना बंद होणारी दारं बसवताना आत हवा खेळती राहील याची लेखी हमी, एवढं अर्जात लिहिलंय. दिव्यातून खूप सह्या आल्यात, डोंबिवलीच्या त्यापेक्षा कमी आहेत, ते बरं दिसत नाही. कागद सध्या माझ्याकडे आहे, सकाळच्या गाडीला मधल्या लेडीज डब्यात असते मी, ज्यांची सही राहिलीय त्यांनी येऊन करा, पास नंबर लिहायची गरज नाही, नाव आणि स्टेशन पुरे.