गॅस नसलेल्या घरात हिवाळा काढताना

इंग्लंडमध्ये भाड्याचं घर बघताना आपण स्टेशन किती लांब, भाडं किती, शाळा कुठली एवढं विचारतो. घर गरम कशावर होतं हे फारसं कुणी विचारत नाही. लीड्समध्ये कालव्याजवळच्या ज्या इमारतीत आम्ही राहायला आलो, तिथे गॅसची लाइनच नाही. स्वयंपाक, अंघोळीचं पाणी, खोल्या गरम करणं, सगळं विजेवर. शहरांच्या मध्यवस्तीत असे फ्लॅट भरपूर आहेत आणि शिकायला किंवा नोकरीला आलेली आपली मुलं बऱ्याचदा त्यातच उतरतात. पहिलं मोठं बिल आलं की घाबरून हीटर बंद करतात आणि जॅकेट घालून अंथरुणात बसतात. तशी वेळ कुणावर येऊ नये असं मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी दराचं. २०२५ च्या जानेवारी ते मार्च या तिमाहीत ऑफजेम या नियामक संस्थेच्या कमाल दराप्रमाणे विजेचं युनिट सरासरी २४.८६ पेन्सला होतं आणि गॅसचं ६.३४ ला. जवळपास चौपट. ही मर्यादा युनिटच्या दरावर आणि रोजच्या स्थिर आकारावर असते, एकूण बिलावर नसते. बातम्यांत वर्षाचा जो आकडा सांगतात तो गॅस आणि वीज दोन्ही वापरणाऱ्या सर्वसाधारण घराचा. त्याच्याशी आपलं बिल ताडून बघू नका, जीव उगाच खाली-वर होतो.

दुसरी गोष्ट हीटरची. पंख्याचा असो, तेलाचा असो, भिंतीवरचा काचेचा असो, दोन किलोवॉटचा हीटर तासभर पूर्ण चालला की दोन युनिटं जळणार आणि तेवढीच उष्णता मिळणार. ‘कमी विजेत जास्त ऊब’ असं खोक्यावर लिहिलेला महागडा हीटर घेऊन इथे काही वाचत नाही. वाचतं ते वीज कोणत्या वेळी घेतो त्यात, आणि घेतलेली ऊब घरात किती टिकते त्यात.

आमच्या घरात स्टोरेज हीटर आहेत. भिंतीला लावलेली जाड, जड पेटी, आत विटा. रात्री स्वस्त दराच्या तासांत या विटा तापतात आणि दुसऱ्या दिवशी ती उष्णता हळूहळू बाहेर येते. हा दराचा प्रकार म्हणजे इकॉनॉमी सेव्हन, १९७८ पासून चालू असलेला. दिवसाचा दर नेहमीच्या एकेरी दरापेक्षा जास्त, रात्रीच्या सात तासांचा बराच कमी. आमचे सात तास रात्री साडेबारा ते सकाळी साडेसात. प्रत्येक भागात, कधी कधी प्रत्येक मीटरला हे तास वेगळे असतात, म्हणून कंपनीला विचारून लिहून ठेवा. आमच्याकडे साडेबाराला मीटरच्या कपाटात ‘खट्’ असा आवाज येतो आणि त्याच क्षणी हीटरची लाइन सुरू होते. ती लाइनच वेगळी आहे. दिवसा भिंतीवरचं बटण चालू ठेवलं तरी विटा तापत नाहीत, कारण वायरीत वीजच नसते. हे माहीत नसलं की हीटर बिघडलाय असं वाटतं आणि माणूस दुकानातून पंख्याचा हीटर घेऊन येतो, तो दिवसभर महागड्या दराने चालतो. आमच्या मजल्यावर निम्म्या घरांत हेच चाललं होतं.

पेटीच्या वर दोन गोल खटके असतात, इनपुट आणि आउटपुट. इनपुट म्हणजे आज रात्री किती साठवायचं. आउटपुट म्हणजे साठवलेलं किती सोडायचं, तो आतली एक झडप उघडतो. दही लावताना हवा बघून विरजण कमी-जास्त घालतो, तसं रात्री झोपण्याआधी उद्याचं तापमान बघायचं आणि इनपुट ठरवायचा. उद्या शून्याच्या आसपास असेल तर पूर्ण, दहा-बारा अंश असेल तर अर्धा किंवा त्याहून कमी. आउटपुट मात्र रात्री अगदी कमीवर हवा. तो उघडा राहिला तर विटा तापता तापताच ऊब निघून जाते, पहाटे घर भट्टीसारखं आणि संध्याकाळी आपण कामावरून येतो तेव्हा पेटी गार. संध्याकाळी घरी आल्यावरच झडप उघडायची. काही हीटरवर लगेच ऊब देणारं बूस्टचं बटण असतं, ते दिवसाच्या दराने चालतं, म्हणून त्याला शक्यतो हात लावू नका.

आता हिशोब. दिवाणखान्यातला आमचा हीटर ३.४ किलोवॉटचा. सात तास पूर्ण चालला तर सुमारे २४ युनिटं. झोपायच्या खोलीतला १.७ चा, म्हणजे १२. गरम पाण्याच्या टाकीला साधारण ५. कडाक्याच्या दिवशी रात्रीची ४१ युनिटं झाली. शेगडी, दिवे, फ्रिज मिळून दिवसाची ७ धरा. आमचा दर दिवसा ३१ पेन्स, रात्री १५. म्हणजे चोवीस तासांचे सुमारे ८ पौंड ३२ पेन्स, स्थिर आकार वेगळा. हलक्या थंडीत याच्या निम्म्यावर येतं.

एवढं नीट जमवूनही बिल मात्र याच्या दीडपटीपेक्षा जास्त येत होतं. इनपुट कमी केला तरी फार फरक पडेना. कंपनीला फोन केला तर पलीकडून, तुम्ही हीटर दिवसा चालवत असाल, मीटरप्रमाणेच बिल आहे, असं उत्तर. दर महिन्याला खात्यातून परस्पर कापली जाणारी रक्कमही त्यांनी वाढवली.

तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावरचे एक आजोबा म्हणाले, “मीटरचे आकडे झोपताना आणि उठल्यावर लिहून ठेव.” ते आयुष्यभर वायरमनचं काम करून निवृत्त झालेले. तसं केलं. आमच्या मीटरवर ‘रेट १’ आणि ‘रेट २’ एवढंच येतं, दिवस कुठला आणि रात्र कुठली हे लिहिलेलं नाही. रात्री साडेअकराला दोन्ही आकड्यांचा फोटो काढला, सकाळी आठला परत काढला. रेट १ अडतीस युनिटांनी पुढे गेला होता, रेट २ जेमतेम दोनने. म्हणजे रेट १ रात्रीचा. बिल उघडून बघितलं तर कंपनीने रेट १ दिवसाचा धरला होता. आमची सगळी रात्रीची वीज ३१ पेन्सने आकारली जात होती आणि दिवसाची थोडीशी १५ ने. वरच्याच उदाहरणात आकडे उलटे घातले तर ८ पौंड ३२ चे १३ पौंड ७६ होतात. एका दिवसाला साडेपाच पौंडांच्या आसपास जास्त. इथे ही गोष्ट नवीन नाही, दोन दरांच्या मीटरमध्ये आकडे उलटे जोडले जातात आणि भाडेकरूला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही.

यानंतर फोनवर बोलणं थांबवलं आणि ईमेलने लेखी तक्रार केली. विषयातच ‘औपचारिक तक्रार’ असं लिहिलं, चारही फोटो वेळेसकट जोडले, घरात आलो त्या दिवशीचं रीडिंग दिलं आणि दोन ओळींत मागणी लिहिली: आकडे सरळ करा, पहिल्या दिवसापासूनची बिलं नव्याने काढा. आठ आठवड्यांत समाधान झालं नाही तर एनर्जी ओंबुड्समनकडे, म्हणजे वीज-गॅसच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाता येतं आणि ग्राहकाला त्याचे पैसे पडत नाहीत, हेही नम्रपणे नमूद केलं. ओंबुड्समनपर्यंत जावं लागलं नाही. सुधारित बिलं आली आणि खात्यात बरीच रक्कम जमा दिसू लागली. ती बँकेत परत मागितली तर देतात, पण मागावी लागते. महिन्याची कापली जाणारी रक्कमही कमी करून घेतली. घरात पाऊल ठेवल्या दिवशी काढलेला मीटरचा फोटो इथे किती कामाला आला! किल्ली हातात आली की सामान लावायच्या आधी तो काढा.

दोन दरांचं गणित आपल्याला परवडतं का, हेही एकदा तपासावं. एकेरी दर २५ धरला आणि आमचे ३१ नि १५ धरले, तर एकूण विजेपैकी साधारण ३८ टक्के वीज रात्री वापरली जात असेल तेव्हा बरोबरी होते. त्याहून जास्त रात्री जात असेल तर इकॉनॉमी सेव्हन फायद्याचं. आमची हिवाळ्यात ८५ टक्के जाते. पण ज्यांच्याकडे स्टोरेज हीटर नाहीत, नुसते भिंतीवरचे साधे हीटर आहेत, आणि तरी आधीच्या भाडेकरूपासून हा दर चालू आहे, त्यांचं सरळ नुकसान होतं. बिल आपल्या नावावर असेल तर कंपनी आणि दर बदलायचा हक्क भाडेकरूलाही आहे.

पाण्याच्या टाकीत दोन कॉइल असतात. खालची रात्री पूर्ण टाकी तापवते, वरची दिवसा अडीनडीला. वरचीचं बटण बंदच ठेवते. थर्मोस्टॅट मात्र ६० अंशांच्या खाली आणायचा नाही, लेजिओनेला नावाचे जंतू कोमट पाण्यात वाढतात. आमचा शॉवर स्वतंत्र, ९ किलोवॉटचा. दहा मिनिटांत दीड युनिट, दिवसाच्या दराने ४६ पेन्स. मी देशी दुकानातून बादली आणि तांब्या आणला. टाकीतलं रात्री तापलेलं पाणी बादलीभर घेतलं की जेमतेम अर्धं युनिट, आठ पेन्सच्या आत, आणि अंघोळ मनासारखी होते. कपड्यांचं मशीन रात्री झोपेत लावू नका, आग लागण्याच्या भीतीने इथलं अग्निशमन दल तसं बजावतं. मी सहाला उठते तेव्हा लावते, साडेसातपर्यंत होऊन जातं. कुकरही त्याच वेळी.

झोपायच्या खोलीतला हीटर जानेवारीत अर्धाच तापू लागला. घरमालकाच्या एजंटने दुरुस्तीऐवजी पंख्याचा हीटर आणून दिला. १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या कलम ११ प्रमाणे खोल्या आणि पाणी तापवणारी यंत्रणा चालू ठेवणं घरमालकाचं काम आहे, असं लिहून कळवल्यावर माणूस आला आणि कॉइल बदलून गेला. एजंट देतील तो तात्पुरता हीटर घ्या, पण दुरुस्तीची तारीख लेखी मागा, कारण त्या हीटरची वीज आपल्या बिलात पडते.

आई त्या दिवसांत आली होती. तिच्या मनात विजेचं बिल. “अगं, मी शाल घेते ना, बंद कर ते,” असं ती रोज म्हणायची. मी तिला सांगितलं, “आई, ही ऊब रात्रीच घेऊन ठेवली आहे, बंद केली तरी पैसे परत येत नाहीत.” तेव्हा कुठे ती हीटरजवळ बसली. इथली आरोग्यसेवा घर निदान १८ अंशांवर ठेवायला सांगते, म्हाताऱ्यांसाठी तर नक्कीच. वीस पेन्स वाचवायला गुडघे आणि छाती पणाला लावू नये.

ऊब टिकवण्याचे उपाय स्वस्त आहेत. पत्र टाकायच्या फटीला आतून ब्रश, दाराखाली पट्टी, जाड पडदे, पण पडदा हीटरच्या अंगावर येता कामा नये. खिडकीच्या वरची हवेची बारीक फट मात्र बुजवू नका. आपल्या स्वयंपाकाची वाफ भरपूर, त्यात कपडे घरात वाळत घातले की काचांवर पाणी ओघळतं आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. भात लावताना वाफ ओढणारा पंखा लावायचा, न्हाणीघराचं दार लावून घ्यायचं.

आता जुने मीटर काढून स्मार्ट मीटर, म्हणजे आकडे आपोआप कंपनीला पाठवणारे मीटर, बसवायची गडबड आहे. जुने काही मीटर बीबीसीच्या रेडिओ फोरच्या लाँगवेव्हवरून येणाऱ्या संकेतावर दिवसाचा-रात्रीचा दर बदलायचे. ती सेवा ३० जून २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बंद होऊ लागली. मीटरशेजारी तो संकेत घेणारी वेगळी काळी पेटी असेल तर कंपनीला लगेच कळवा, नाहीतर हीटर भलत्या वेळी चालू राहील किंवा तापणारच नाही. हीटरची वेगळी लाइन असलेल्या घरांना पाच टर्मिनलचा, म्हणजे वायरी जोडायच्या पाच जागा असलेला मीटर लागतो, वेळ ठरवतानाच ते सांगा, म्हणजे माणूस चुकीचा मीटर घेऊन येणार नाही. आणि नवा मीटर बसला की त्याच रात्री झोपताना आणि सकाळी आकड्यांचे फोटो काढा. मार्चअखेर उन्हाळ्यासाठी इथली घड्याळं तासभर पुढे गेली की पुन्हा एकदा काढा, कारण आमच्यासारख्या बऱ्याच मीटरांचं घड्याळ बदलत नाही आणि स्वस्त तास उन्हाळ्यात दीड ते साडेआठ होतात.