दोनच वेढे

दुपारी वेलची शोधताना डब्याच्या तळाशी एक जायफळ हाताला लागलं. एका अंगाने पार सपाट झिजलेलं. बाकी सगळं सुरकुतलेलं, म्हाताऱ्याच्या कोपरासारखं. सपाट बाजूवर मात्र फिकट गरात तपकिरी शिरांची नक्षी. श्रीखंडाचं जायफळ किसणीवर खरबरीत होतं. असं गुळगुळीत होतं ते सहाणेवर. म्हणजे हे धाकट्या भावाच्या गुटीचं. नखाने खरवडलं, तर वास अजून शाबूत!

आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळींच्या सावलीत जायफळाची चार झाडं होती. नर की मादी हे सहा-सात वर्षांनी फुलं आल्यावर कळतं. एक नर निघालं. आजोबा त्याला 'फुकट जेवणारा' म्हणायचे. त्याच्यावाचून बाकीच्या तिघींना फळ धरणार नाही, हे त्यांना सांगायची कुणाची टाप नव्हती. फळ उकललं की आत लालभडक जायपत्री. वरच्या सालींचं लोणचं व्हायचं, आणि ते माझ्याइतकं कुणीच खात नसे.

गुटी आजीच्या हातची. ‘‘दोनच वेढे. चड नाका,’’ जास्त नको, असं ती स्वतःलाच बजावायची. जायफळातल्या मिरिस्टिसिन या द्रव्याचं नाव तिच्या कानावर कधी गेलं नसेल. पण अख्खं जायफळ पोटात गेलं तर छाती धडधडते, माणूस बरळायला लागतो, एवढं तिला पक्कं ठाऊक. आता डॉक्टर बाळाला असलं काही चाटवूच नका म्हणतात. बरोबरच आहे.

ज्याच्यासाठी ते एवढं झिजलं, तो भाऊ हल्ली रात्री दोनला मेसेज करतो. झोप येत नाही म्हणून अश्वगंधाच्या गोळ्या घेतो. बाटलीचा फोटो पाठवला होता : विथानिया सोम्निफेरा. सोम्निफेरा म्हणजे लॅटिनमध्ये झोप आणणारी. बारशालाच झोप पदरात पडलेली वनस्पती, आणि हा दोन वाजता टक्क जागा.

त्याला जायफळाचा फोटो पाठवावा म्हणून फोन उचलला. साडेतीन वाजले होते. अख्खा फोंडा शटर ओढून लवंडलेला, आणि माझी दुपारची डुलकी वेलचीपायी गेली ती गेलीच. मग कॉफी टाकली. आमच्याकडे कॉफीत जायफळ लागतंच. एक जागं ठेवणार, दुसरं निजवणार. कपात त्यांचं काय ठरतं ते आजवर कुणी विचारलेलं नाही.

दोनच वेढे घातले.